तीन शतांश अंश

तुझं पत्र दोनदा वाचलं. समुद्रात चार हजार मीटर खोलीवर, दोन मोहिमांमधल्या दहा वर्षांत, तापमानात तीन शतांश अंश वाढ, आणि गटातले विचारतात, 'एवढ्याने काय होतं?' म्हणून तू आता पृष्ठभागाच्या तापमानाकडे वळणार, तिथला आलेख तरी हलतो. अगं, तो एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापतं ते, आला की चढतो, गेला की उतरतो! तळाचं पाणी असल्या लहरींवर नाचत नाही. ते अंटार्क्टिकाच्या कडेला थंड, जड होऊन बुडतं आणि खालून हळूहळू पसरतं. तिथे तीन शतांश म्हणजे थट्टा नव्हे. तेवढ्या उष्णतेने तेवढ्याच घनफळाची हवा शंभरेक अंशांनी तापेल.

पण खरा प्रश्न तू विचारलाच नाहीस. सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित मापाशी पडताळणी, कधीची? मोहिमेआधीचं आणि नंतरचं, दोन्ही हवं. 2006 साली समुद्राचा वरचा थर थंड होत असल्याचा निबंध आला होता. पुढे कळलं, काही आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात आपोआप वर-खाली जात मोजमाप करणारी तरंगती यंत्रं, खोलीच चुकीची नोंदवत होते आणि जहाजावरून टाकायच्या जुन्या उपकरणांच्या नोंदी मुळातच गरम बाजूला झुकलेल्या होत्या. दुरुस्ती केली, थंडावा गायब. चूक त्याच लेखकांनी कबूल केली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

मला ते जमलं नव्हतं. एका मोहिमेहून परतलो तेव्हा सीटीडी, म्हणजे केबलने खाली सोडून पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजायचं यंत्र, लगेच दुसऱ्या जहाजावर जायचं होतं. नंतरचं कॅलिब्रेशन न करता मी सही केली. तीन आठवडे धड झोप नव्हती, विंच दोनदा अडकली होती. चार हजार मीटर केबल सोडायलाच तास उलटतो. खोल पाण्याचा नमुना घेऊन वर आलेल्या बाटलीच्या तोटीखाली, डेकवरच्या उन्हात, बोटं बधिर व्हायची. आणि तेव्हा सहस्रांश अंशाची अचूकता मागत होतं कोण? असं मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावलं. आज त्या खोल नोंदींशी तुलना करता येत नाही. सेन्सरचं माप किती सरकलं होतं, कुणालाच ठाऊक नाही.

आर्गोचे बहुतेक फ्लोट दोन हजार मीटरवर थांबतात. त्याखाली जवळजवळ अर्धा समुद्र उरतो. तिथल्या नोंदी मोजक्याच आहेत, म्हणून एकही वाया घालवू नकोस. आणि दाबाने वाढणारं तापमान वजा केलंयस ना? केलं असशीलच.

विषय बदलायचं नंतर बोलू. दोन्ही मोहिमांचे कॅलिब्रेशनचे कागद आधी पाठव. आलेख नको, कागद. मग त्या तीन शतांशांवर मीच तुझ्याशी भांडतो.