मानेचा मणका सोडून चक्कर कशानं येते?

वडिलांना उठताना चक्कर येते, एमआरआय नॉर्मल, तरी डॉक्टर मानेचा मणका म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मणका म्हणलं की माझंच डोकं फिरतं. आमच्या मायनं या मणक्यापायी दीड वर्ष गळ्यात पट्टा घातला. तेही आमच्या लातूरच्या उन्हाळ्यात.

लघवीच्या इन्फेक्शनसाठी तालुक्याच्या एका दवाखान्यात तिला १० दिवस जेंटामायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली. शुगर जुनी, क्रिएटिनिन आधीच वाढलेलं, म्हणजे किडनी कमजोर, अशात हे औषध अंगात साचतं. ते कुणी बघितलं नाही. ताप उतरला, आम्ही खूश. पंधरा दिवसांनी माय न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरायला लागली. लाईट गेली की अंगणात झोकांड्या खायची, जणू पिऊन आलीय. बसल्या जागी काहीच नाही. गरगरायचं नाही, ऐकूही नीट यायचं, म्हणून कान कुणाला सुचलाच नाही. थोरला भाऊ म्हणायचा, वय झालंय, अशक्तपणा. पट्टा त्यानंच आणला.

एकदा स्टँडवर ती म्हणाली, "चालताना पाटीवरची अक्षरं नाचतेत रे, थांबलं की नीट दिसतेत." हेच वाक्य मी कानाच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी तिला त्यांच्या नाकाकडं बघायला लावून डोकं धरून बाजूला छोटा झटका दिला (घरी करू नका). नजर नाकावर टिकेना. डोक्याबरोबर सरकायची आणि उडी मारून परत यायची. दोन्ही बाजूंना. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग इंजेक्शनानं दोन्हीकडं सारखाच गेला होता, म्हणून गरगर नव्हती. गेलेलं बहुतेक परत येत नाही. चक्करीच्या गोळ्या बंद करून नजर एका जागी ठेवून मान हलवायचे व्यायाम दिले. आता दिवसा बांधावरून चालते, रात्री बॅटरी लागते.

तुमच्या वडिलांचं वेगळं दिसतंय. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांत बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर बीपीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्यांकडं बघा. टॅमसुलोसिननं होतं असं. मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि हां, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, उभंच राहता येईना, तर हे वाचत बसू नका, मोठा दवाखाना गाठा. जेंटामायसिननं जीवही वाचतात, तेही खरं.

पट्टा अजून ढाळजेतल्या खुंटीला आहे. भावानं येऊन न्यावा.