सामान हलवण्याच्या कामाला लागताय? आधी एवढं सांभाळा

भाऊ, सोमवारपासून कामाला लागतोयस, बरं झालं. मेहनतीचं काम आहे, पण महिनाभरात अंगात बसतं.

पहिली गोष्ट पाठ. नवा पोरगा जोर दाखवायला कमरेत वाकून उचलतो आणि आठवड्यात घरी बसतो. गुडघे वाकव, ओझं छातीजवळ घे, पायांनी उठ. वळायचं असेल तर पाय फिरव, कंबर पिळू नको. जमत नसेल तर जोडीदाराला हाक मार, त्यात कमीपणा नाही.

दुसरं म्हणजे ऊन. बदल्यांचा हंगाम मे-जूनचा, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. जड सामान सकाळीच उतरव, तहान लागायची वाट न बघता पाणी पी, मीठ-साखर घालून.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- मोठ्या खोक्यात पुस्तकं भरतात, मग तळ फाटतो. पुस्तकांना लहान खोकं.
- फ्रिज आडवा टाकतात. तो उभाच न्यायचा.
- कपाट उचलल्यावर दार मोजतात.
- आधीचे ओरखडे यादीत लिहीत नाहीत, मग भरपाई आपल्या माथी.

दागिने, कागदपत्रं सामानाच्या मालकाकडेच राहू दे. आणि आपल्याकडे खानदेशात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा असतोच, तो काचेसारखा जप, सगळ्यात वर ठेव. त्या माउलीने उन्हात बसून वाळवलेले असतात ते.

गाडी रचणं, दोर बांधणं नंतर शिकशील. सध्या पायात बंद बूट घालून ये.