पेशी बशीला का चिकटल्या नाहीत?

प्रश्न : पेशीसंवर्धनाचे फ्लास्क संपल्यामुळे मी उंदराच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील) पेशी जीवाणूंसाठी वापरल्या जाणाऱ्या निर्जंतुक पेट्री डिशमध्ये वाढवण्याचा प्रयत्न केला. माध्यम, सीरम (रक्तातील प्रथिनयुक्त द्रव) आणि इन्क्युबेटर नेहमीचेच होते. तरी दुसऱ्या दिवशी पेशी गोळे होऊन तरंगताना दिसल्या. दोन्ही भांडी पॉलिस्टायरिनचीच असताना असे का व्हावे?
– जीवतंत्रज्ञानाची एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : प्लॅस्टिक एकच असले तरी पृष्ठभाग एक नव्हता. प्रत्येक प्रकारची एकेक बशी खर्ची घालून तिच्या तळावर पाण्याचा थेंब सोडून पाहा. पेट्री डिशमध्ये तो बराचसा फुगीर राहील, तर पेशीसंवर्धनाच्या बशीत अधिक पसरेल. साधे पॉलिस्टायरिन जलविरोधी असते. म्हणून कारखान्यात प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विद्युत्भारित वायू) किंवा कोरोना विद्युत्‌विसर्गाची प्रक्रिया करून त्याच्या अगदी वरच्या थरात ऑक्सिजनयुक्त गट बसवतात. डोळ्यांना हा फरक मुळीच दिसत नाही, त्यामुळे अशी चूक अनुभवी हातांकडूनही होते.

पेशी मात्र थेट प्लॅस्टिकला चिकटत नाही. सीरममधील प्रथिने आधी तळावर बसतात, आणि त्यांपैकी फायब्रोनेक्टिन व व्हिट्रोनेक्टिन यांना पेशी आपल्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाच्या ग्राहक प्रथिनांनी पकडते. जलविरोधी तळावर अल्ब्युमिन हे सीरममधलेच दुसरे प्रथिन जागा अडवून बसते आणि या दोन प्रथिनांची बांधणीही पेशीला सोयीची राहत नाही. फायब्रोब्लास्टसारख्या पेशींना आधाराला धरून पसरता आले नाही, तर त्यांचे विभाजन थांबते आणि आधाराविना फार काळ राहिल्यास त्या मरतातही. तुम्हाला दिसलेले गोळे म्हणजे तळ न मिळाल्याने एकमेकींनाच धरून राहिलेल्या पेशी होत.

जीवाणूंच्या बशा पेशींसाठी सर्वस्वी निरुपयोगी आहेत असे नाही. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) त्यांनाही चिकटतात, आणि पुढे ते सहज सोडवता यावेत म्हणून काही प्रयोगशाळा मुद्दाम त्याच वापरतात. उलट चेतापेशींना प्रक्रिया केलेला तळही बहुधा पुरत नाही. त्यासाठी धनभारित पॉली-डी-लायसिनचा लेप द्यावा लागतो. त्यातील लायसिनचे डी-रूप (नेहमीच्या रूपाची आरशातली प्रतिमा) पेशींच्या विकरांना सहसा पचवता येत नाही, म्हणून लेप टिकतो.

तरंगणाऱ्या पेशी लगेच फेकू नका. मेलेल्या पेशींना निळे करणारा ट्रायपॅन ब्लू हा रंग घालून पाहा. ज्या निळ्या होत नाहीत त्या जिवंत आहेत. त्या पुरेशा असल्या तर हलक्या सेंट्रिफ्यूजने गोळा करून संवर्धनासाठी प्रक्रिया केलेल्या फ्लास्कमध्ये घाला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत फ्लास्क हलवू नका.