७२ चे ३०० केले, तरी फोटो धूसरच!

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो १६ × १२ इंचांत छापून घेतला. मोबाइलवर लख्ख, कागदावर धूसर. फोटोशॉपमध्ये रिझोल्यूशन ७२ चं ३०० केलं होतं. मग चुकलं कुठे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेली फाइल उघडून पाहिली. १६०० × १२०० पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते बारीक ठिपके. व्हॉट्सॲपवरून आलेली ना? तिथेच घात झाला; पाठवताना ते फोटोचे पिक्सेल कमी करतं. १६०० पिक्सेल १६ इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम १०० येतात. हातात धरून बघायच्या फोटोला ३०० लागतात. पाच माणसांची भाजी पन्नासांच्या पंगतीत वाढल्यासारखं! फोटोशॉपच्या ‘इमेज साइझ’ चौकटीत ‘रिसॅम्पल’ची (पिक्सेलची संख्या बदलण्याची) खूण ठेवून आकडा वाढवला, तर फोटोशॉप अधलेमधले नवे पिक्सेल अंदाजाने भरतं. आईंच्या पैठणीची बुट्टी त्यातून परत येत नाही. (मीही सुरुवातीला एका गिऱ्हाइकाचे कागद असेच वाया घालवले होते.)

ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. ती ४००० × ३००० असेल तर इंचाला २५० पडतील. भिंतीवरच्या फ्रेमला तेवढे भरपूर. ‘रिसॅम्पल’ची खूण काढून टाका, रुंदी १६ इंच टाका. मूळ फाइल पुसली गेली असेल, तर हाच फोटो ५ × ४ इंचांत छापा, छान येईल.