मुंबई ते न्यूयॉर्क किती तास?

प्रश्न: डिसेंबरात लेकीकडे न्यूयॉर्कला चाललेय, पहिल्यांदाच, तेही एकटी. जायला जास्त वेळ नि यायला कमी, असं का हो?

उत्तर: काकू, अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, डायरेक्ट फ्लाइटला जाताना १६ तास धरा, येताना तास-दीड तास कमी, कारण खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारं वाहतं, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, ते जाताना आडवं येतं आणि येताना मागून ढकलतं. हिवाळ्यात तर त्याचा जोर आणखीच असतो. तिकिटावरच्या वेळा बघून मात्र गोंधळू नका, न्यूयॉर्क तेव्हा आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे रात्री १ला निघालात तर १६ तासांनी तिथे त्याच दिवशी सकाळचे साडेसहाच! आणि बसून बसून पाय सुजतात, त्यामुळे आइलची, म्हणजे मधल्या वाटेलगतची सीट घ्या, अधूनमधून उठून चाला.