कापूस 'पिक' करतात, 'पिक अप' नाही

बाबू, तुझं 'वी पिक अप कॉटन' वाचलं. बोंडातला कापूस वेचणं म्हणजे नुसतं 'पिक'. तासात (दोन ओळींमधल्या जमिनीवर) गळून पडलेला उचललास, तर 'पिक अप'. फोन उचलणं, एसटी स्टँडवरून मामाजीला गाडीवर आणणं, तेही 'पिक अप'. भाव सुधारले की 'प्राइसेस पिक्ड अप' (हे वाक्य आपल्याला फारसं लागत नाही म्हणा!). कानावर पडूनपडून आलेली भाषाही पिक अपच. तुझी हिंदी तशीच आली ना?

घोळ होतो तो 'इट', 'हिम'पाशी. ते मधातच येतात: 'पिक इट अप'. 'पिक अप हिम' मी नागपूरला एका मुलाखतीत बोललो, अजून आठवलं की कान तापतात. नाम असेल तर 'पिक अप द फोन', 'पिक द फोन अप' दोन्ही चालतं.

आणि जिनिंगला (सरकी काढायच्या गिरणीत) गाठोडी नेते ती पिकअप गाडी? ते नाम आहे, जोडून लिही.