वणवा टाळायला मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर कशी जात नाही?

जाते कधीकधी. बहुतेकदा वारा फिरतो, नाहीतर विझवणं अर्धवट सोडलेलं असतं.

आधी जाळायच्या पट्ट्याभोवती गवत-पाचोळा खरवडून उघड्या मातीची जाळरेषा काढतात. आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्के आणि वारा मंद, पण एकाच दिशेचा हवा. अगदी पडलेला वाराही नको. धूर तिथेच कोंडतो आणि झुळूक कुठून येईल ते सांगता येत नाही.

पेटवायला ड्रिप टॉर्च, म्हणजे पेटतं इंधन थेंबाथेंबाने टाकणारा हातातला डबा, वापरतात. त्यात तीन-चार भाग डिझेलला एक भाग पेट्रोल. पेट्रोल जास्त झालं तर भडका उडतो आणि पेटवणाराच भाजतो. सुरुवात वारा जिकडे वाहतोय त्या टोकाच्या जाळरेषेपासून, उतार असेल तर माथ्यापासून. आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकते, ज्वाळा बुटक्या राहतात. हा जळका पट्टा पुरेसा रुंद झाला की मगच पुढच्या ओळी पेटवायच्या.

खरी गोम नंतर आहे. पडलेले ओंडके आणि बुंध्याशी साचलेला कुजका पाला कित्येक तास, कधी दिवसचे दिवस धुमसतो. रेषेलगतचा भाग उकरून, पाणी मारून, हाताची पाठ जवळ नेऊन ऊब तपासतात. दुसऱ्या दिवशी वारा सुटला की विझवायच्या राहून गेलेल्या एखाद्या ओंडक्यातूनच ठिणगी रेषेपलीकडे पडते.